पॉइंट गार्डचा नेम का चुकतो?



मी राहतो बदलापूरला आणि शिकवतो उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात. वाटेत अंबरनाथ लागते. तेथे शाळांमधील बास्केटबॉलचा सामना आहे असे कळल्यावरून एका संध्याकाळी मी गाडीतून उतरलो. एका संघाची पॉइंट गार्ड नववीतली मुलगी होती. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू खेळवत पुढे आणणारा आणि कोणी कोठे जायचे ते ठरवणारा खेळाडू. ही मुलगी संघात सर्वांत लहान चणीची. पण चेंडूवर तिची हुकमत अशी, की पाहत राहावे. नेम मात्र चुकत होता. तिने कड्याकडे दहा वेळा चेंडू टाकला आणि तो तीनदाच आत गेला. दहावी फेक हुकताच बाहेरून आवाज आला, “तू नुसता पास दे, टाकू नकोस!”

पुढे काय झाले ते ऐका. तिने कड्याकडे पाहणेच सोडले. हे प्रतिपक्षाच्या ध्यानात आले. तिच्यावर पहारा ठेवणारी मुलगी तिला सोडून मागे सरकली आणि तिच्या मैत्रिणींची वाट अडवू लागली. जो गार्ड चेंडू टाकणारच नाही, त्याच्या पासची धास्ती कोणाला?

शेजारी बसलेले एक शिक्षक म्हणाले, “उंची कमी ना, चालायचेच.” खरेच तसे असेल का? अकरावीच्या भौतिकशास्त्रात आपण प्रक्षेपित वस्तूची गती शिकतो. तिचाच आधार घेऊन पाहू.

कडे किती मोठे?

कड्याचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर असतो आणि चेंडूचा सुमारे २४. म्हणजे जागा भरपूर आहे. पण हे झाले चेंडू सरळ वरून पडला तर. एक बांगडी घ्या. वरून पाहा, ती वाटोळी दिसते. आता डोळा हळूहळू खाली आणा. बांगडी चपटी होत जाते आणि शेवटी तिची नुसती रेघ उरते. तिरप्या येणाऱ्या चेंडूला कडे असेच चपटे ‘दिसते’. चेंडू क्षितिजसमांतर रेषेशी ज्या कोनात खाली उतरतो, त्या कोनाच्या साइनने ४५ ला गुणले, की त्याला मिळणारी वाट कळते. कोन ४५ अंश असेल तर वाट ३२ सेंटिमीटर. कोन ३२ अंशांपर्यंत घसरला तर ती केवळ २४ सेंटिमीटर उरते. त्याहूनही सपाट आलेला चेंडू कड्याला न घासता आत जाणे शक्यच नाही, मग नेम कितीही अचूक असो.

पुस्तकातले ४५ अंश

तुम्ही म्हणाल, “सर, ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत दूर जाते, हे आम्हाला पाठ आहे.” बरोबर, पण वस्तू ज्या पातळीवरून सुटली त्याच पातळीवर पडणार असेल तर. कडे असते जमिनीपासून ३.०५ मीटर उंच, हातापेक्षा पुष्कळ वर. त्यामुळे चेंडू ज्या कोनात सुटतो त्याहून सपाट कोनात तो कड्याशी पोहोचतो. हवेचा विरोध सोडून दिला, तर हा संबंध अगदी सोपा आहे :

टॅन (उतरता कोन) = टॅन (फेकीचा कोन) – २ × (हातापासून कड्याची उंची ÷ आडवे अंतर)

अन्वस्ताच्या समीकरणावरून हे सूत्र आपल्या शिक्षकांच्या मदतीने जरूर सिद्ध करून पाहा.

फ्री थ्रोच्या रेषेपासून कड्याचा मध्य सुमारे ४.२ मीटर दूर असतो. समजा, आपल्या लहान चणीच्या गार्डच्या हातून चेंडू १.७५ मीटर उंचीवर सुटतो आणि संघातल्या सर्वांत उंच खेळाडूच्या हातून २.१५ मीटरवर. दोघींनीही ५० अंशांत चेंडू टाकला. उंच मुलीचा चेंडू ३७ अंशांत उतरेल आणि त्याला २७ सेंटिमीटरची वाट मिळेल. गार्डचा चेंडू मात्र ३० अंशांत उतरेल आणि वाट मिळेल जेमतेम २२ सेंटिमीटर. कोन तोच, नेम तोच. एकीचा चेंडू आत आणि दुसरीचा कड्यावर आपटून बाहेर.

आता गार्डने ५५ अंशांत टाकून पाहावे. चेंडू ३९ अंशांत उतरतो आणि वाट २८ सेंटिमीटर होते, म्हणजे उंच मुलीच्या मघाच्या वाटेपेक्षाही थोडी मोठी!

जास्त जोर लागेल का?

उंच कमान म्हटले की जास्त ताकद, असे वाटते. हिशेब वेगळेच सांगतो. आपल्या गार्डला ४५ अंशांत टाकण्यासाठी सेकंदाला ७.७ मीटर वेग द्यावा लागतो. ५५ अंशांत ७.५ पुरतो. अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर ब्रँकाझिओ यांनी १९८१ साली बास्केटबॉलच्या भौतिकशास्त्रावर एक लेख लिहिला, त्यात हा विचार आहे. हातापासून कड्यापर्यंत रेषा काढा. ती क्षितिजसमांतर रेषेशी जो कोन करते त्याचा निम्मा ४५ मध्ये मिळवा. सर्वांत कमी वेगात काम होते ते या कोनात. आपल्या गार्डसाठी तो ५३ ते ५४ अंश येतो, उंच मुलीसाठी ५१. म्हणजे उंची कमी असणाऱ्याने चेंडू अधिक वर टाकावा. बहुधा होते उलटेच. कडे दूर वाटते, म्हणून मूल जोराने आणि सपाट फेकते.

दहा फेकींचा न्याय

आता त्या ‘दहांत तीन’कडे वळू. एक नाणे दहा वेळा उडवा. छाप पाच वेळा पडेल अशी अपेक्षा. पण १,०२४ शक्यतांपैकी १७६ मध्ये छाप तीनदा किंवा त्याहून कमी वेळा पडते. म्हणजे निम्म्या फेकी हमखास साधणारा खेळाडूही सहा सामन्यांत एखाद्या वेळी ‘दहांत तीन’ किंवा त्याहून वाईट ठरणार! शिवाय गार्ड पुष्कळदा लांबून टाकतो. ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून दहांत चार फेकी साधल्या तर १२ गुण होतात, जवळून पाच साधल्या तर १०. नुसती टक्केवारी पाहणाऱ्याला पहिला खेळाडू कच्चा वाटेल.

व्यावसायिक खेळाडूंवरही असा शिक्का बसतो. जेसन किड हा १.९३ मीटर उंचीचा पॉइंट गार्ड १९९४ साली एनबीएमध्ये डॅलसच्या संघात आला. पहिल्या हंगामात तीन गुणांच्या त्याच्या शंभरांतील २७ फेकीच साधल्या. लोक थट्टा करत, की जेसनमधला ‘जे’ म्हणजे जंप शॉट. तो याच्याजवळ नाही, म्हणून हा नुसता ‘एसन’! पण त्याने टाकणे सोडले नाही. २००९-१० च्या हंगामात हेच प्रमाण शंभरांत ४२ च्या पुढे गेले, २०११ मध्ये त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवले, आणि २०१३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा तीन गुणांच्या १,९८८ फेकी त्याच्या नावावर होत्या. त्या वेळी यादीत त्याच्या पुढे दोघेच होते. उंची तीच होती. बदलली ती फेक.

करून पाहा

मैदानाच्या बाजूला उभे राहून मित्राच्या फ्री थ्रोची मोबाइलवर चित्रफीत घ्या. कड्यामागची फळी हीच आपली मोजपट्टी. आजच्या नियमांप्रमाणे ती १.०५ मीटर उंच असते आणि कडे तिच्या खालच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर. चेंडू सर्वांत उंच कोठे पोहोचतो ते पाहा. आपल्या गार्डची ५५ अंशांची फेक कड्याच्या ६० सेंटिमीटर वर, म्हणजे फळीच्या वरच्या तिसऱ्या भागात जाईल. ४५ अंशांची फेक तिच्या निम्म्यापर्यंतही पोहोचणार नाही. रोज पन्नास फेकी टाका आणि महिनाभर वहीत आकडे लिहा.

शिक्षकांना एक विनंती. “टाकू नकोस” असे सांगण्यापूर्वी ही वही मागा. आणि तिचीही गरज न पडता एक गोष्ट आजच सांगता येईल, “जरा वरून टाक!”