‘झटका आला’ एवढ्यावर थांबू नका

तारापूर एमआयडीसीत कामावर माणूस गेला की घरी पहिला निरोप बहुतेकदा ‘झटका आला’ असाच येतो. माझा मित्र गेला तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने वहिनींना हेच सांगितलं. सांडपाण्याच्या टाकीजवळ पडला, हृदय बंद पडलं, लवकर उरकून घ्या. वहिनींनी मात्र त्याच्या बोटातली चांदीची अंगठी आम्हाला दाखवली. सकाळी पांढरी होती, आता काळीकुट्ट.

हायड्रोजन सल्फाइडने चांदी अशी काळवंडते. टाकीतल्या गाळात हा वायू साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो; वाढला की नाकच बधिर होतं आणि माणूस निर्धास्त होतो. नायट्रोजनला तर वासच नाही. ऑगस्ट २०२५मध्ये बोईसरच्या एका औषध कारखान्यात त्याच्या गळतीने चार कामगार गेले. ११ जानेवारी २०२०च्या स्फोटात इथे आठ जण गेले, तेव्हा निदान आवाज तरी झाला होता. टाकीत गुदमरलेल्या एकट्या माणसाची बातमीही होत नाही.

म्हणून अंत्यसंस्काराची घाई करू नका. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद करून घ्या. शवविच्छेदनाआधीच डॉक्टरांना वायूचा संशय सांगा आणि रक्त, व्हिसेरा राखून ठेवण्याची विनंती करा. शरीर सडतानाही हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, त्यामुळे उशीर झाला की पुरावा संदिग्ध होतो. अंगठीची नोंद आम्ही पंचनाम्यात करून घेतली.

खरं कारण सापडलं ते सहकाऱ्यांच्या बोलण्यात, पहिल्याच रात्री, दवाखान्याच्या आवारात. टाकीतली हवा तपासली नव्हती, वर्क परमिट नव्हतं, वर दोर धरायला कुणी नव्हतं. पुढे तीच माणसं गप्प झाली. मी त्यांना दोष देत नाही. ठेक्यावरची नोकरी एका फोनवर जाते. पण असं बोलणं त्याच वेळी नाव, वेळ घालून लिहून ठेवा. मस्टर आणि गेटपासचे फोटो काढा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

‘तो ठेकेदाराचा माणूस, आमचा नाही’ हे ऐकून परत फिरू नका. भरपाईची जबाबदारी मूळ कारखान्यावरही येते. ईएसआयचा विमा असेल तर आश्रितांना मजुरीच्या ९० टक्के लाभ दरमहा मिळू शकतो. क्रियाकर्मासाठी म्हणून कुणी पैसे पुढे केले, तर सोबतचा कागद वकिलाला दाखवल्याशिवाय घरातल्या कुणालाही त्यावर सही करू देऊ नका.