चालणं सुटलं तरी फिरणं सुटू नये

एएलएस या आजारात पाय जातात, हे डॉक्टर सांगतात. ते कसकसे जातात हे मात्र घरच्यांनाच कळतं, आणि बहुतेक वेळा उशिरा कळतं. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आम्ही साताऱ्याचे. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून यायचा, मग आंघोळ, मग शाळा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. हे आता नाहीत. त्यांच्या आजारपणात जे कळलं ते आज ज्यांच्या घरी हे निदान झालं आहे त्यांच्या उपयोगी पडावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. सार आधीच सांगते. या आजारात चालणं कायमचं वाचवता येत नाही, पण पडणं पुष्कळसं टाळता येतं. पडणं टाळलं की चालणंही थोडं जास्त टिकतं.

न दुखणारा पाय

सुरुवात चपलेपासून झाली. ह्यांच्या उजव्या पायातली चप्पल वाटेत निसटायची. मागं वळून पायात अडकवायची आणि पुन्हा चालू पडायचं. मग घरात फरशीवर पाऊल आपटल्याचा फटफट आवाज यायला लागला. पंजा वर उचललाच जात नव्हता. डॉक्टर याला फूट ड्रॉप म्हणतात. दुखत काहीच नव्हतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पुढं चालताना झोक जायला लागला, तेव्हा गल्लीत कुजबूज सुरू झाली, "गुरुजी घ्यायला लागले की काय?" आयुष्यात सुपारीचं खांड न खाल्लेला माणूस, त्याच्या मनाला हे फार लागलं.

कंबरेचा एमआरआय झाला. मणक्यातली चकती थोडी सरकलेली दिसली आणि गोष्ट ऑपरेशनपर्यंत गेली. पन्नाशीपुढच्या बहुतेकांचा एमआरआय काढला तर असं काही ना काही दिसतंच. आमचं नशीब, की व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी पोटरीवर उजेड धरून बघितलं. कातडीखाली मांस बारीक बारीक उडत होतं. "काकू, आधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा," एवढंच त्या म्हणाल्या. पुण्याला जाऊन ईएमजी ही नसा-स्नायूंची तपासणी केली आणि एएलएस हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

म्हणून पहिली सूचना. कंबरेतली नस दबली तर बहुधा कळ येते, मुंग्या येतात, बधिर वाटतं. एएलएसमध्ये ताकद जाते, पण स्पर्श शाबूत राहतो. पाय दुखत नाही, बधिर नाही, तरी लुळा पडतो आहे, पोटरी किंवा मांडी वाळते आहे आणि मांस उडतं आहे, असं असेल तर मणक्याच्या ऑपरेशनला होकार देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टचं मत घ्या. नुसतं मांस उडणं निरोगी माणसालाही होतं. तेवढ्यावरून घाबरू नका.

आजार काय करतो

मेंदूतून आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी यात एकेक करून मरतात. हुकूम पोचला नाही की स्नायू वाळतो. फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरांनी 1869 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, पण तो बरा करणारं औषध अजून निघालेलं नाही. रिल्युझोल 1995 पासून वापरात आहे. त्यानं वेग थोडा मंदावतो, गेलेली ताकद परत येत नाही. भेटायला येणारे स्टीफन हॉकिंगचं उदाहरण देतात. त्यांना 1963 मध्ये निदान झालं आणि ते 2018 पर्यंत जगले, हे खरं आहे. पण ते फार विरळा उदाहरण. लक्षणं दिसू लागल्यापासून बहुतेकांच्या हाती 2 ते 5 वर्षं असतात, 10 वर्षांपुढं जाणारे शंभरात दहाएक. हिशोब हॉकिंगवर बांधला तर तयारी राहून जाते.

स्टेम सेलच्या जाहिराती तुमच्यापर्यंतही येतील. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा उपचार एएलएससाठी फक्त रीतसर संशोधनातच करता येतो, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. कुणी लाखांचा आकडा सांगितला की उठून या. तो पैसा पुढं खुर्चीला आणि सांभाळणाऱ्या माणसाला लागणार आहे.

एका पडण्याची किंमत

काठी आमच्या घरात होती, दाराआड टांगलेली. हे म्हणायचे, "काठी धरली की गावाला उत्तरं देत बसावं लागेल. अजून चालतोय ना मी?" दीर म्हणायचे, "वहिनी, काठीची सवय लावू नका, पाय आणखी आळशी होतील." असं सगळेच म्हणतात, आणि प्रेमानंच म्हणतात.

पावसाळ्यातल्या एका रात्री लघवीला जाताना हे बाथरूमच्या पायरीवर पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, हाडही जुळलं. एरवी माणूस असा पडला तर हळूहळू पुन्हा उभा राहतो. एएलएसमध्ये अंथरुणात गेलेली ताकद भरून निघत नाही, कारण भरून काढणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. आदल्या संध्याकाळपर्यंत अंगणात धरून धरून फिरणारे हे त्यानंतर आपल्या पायांवर चालले नाहीत. आजारानं ते चालणं कधीतरी नेलंच असतं. पण त्या पावसाळ्यात नेलं ते पडण्यानं.

पडण्याची कारणं ठरलेली असतात. पंजा लोंबल्यामुळं अंगठा उंबरठ्याला अडतो, मांडीचा जोर गेल्यामुळं गुडघा एकाएकी वाकतो, नाहीतर ताठ झालेला पाय वळताना साथ देत नाही. हातही कमजोर झाले असतील तर धोका दुप्पट. आपण पडताना नकळत हात पुढं करतो, त्यांना ते जमत नाही आणि डोकं किंवा तोंड सरळ आपटतं. म्हणून नियम असा करा: अडखळणं सुरू झालं की पुढचं साधन घरात आणायचं. पहिल्या पडण्याची वाट बघायची नाही.

साधनं, एकेक करून

पंजा लोंबायला लागला की एएफओ घ्या. हा पोटरीमागून तळपायाखाली जाणारा पट्टा पंजाला काटकोनात धरून ठेवतो. हलकाच घ्या, कारण मांडी थकली की जड पट्ट्याचंच ओझं होतं. तो मापानं बनवून घ्यावा आणि मागं बंद असलेल्या बुटात घालावा. स्लीपर त्याच दिवशी घराबाहेर काढा.

काठी कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरायची. वॉकरला दोन्ही हातांची पकड लागते. ती सुटत असेल तर कोपरापासून हात टेकवता येणारा वॉकर मिळतो.

व्यायाम बेतानं करा. घोटा, गुडघा आणि खुबा रोज ताणून घेतले तर सांधे आखडत नाहीत. पण "जोर लाव, पाय परत येईल" म्हणून दमवू नका. व्यायामाचा थकवा दुसऱ्या दिवशीही उरला तर तो व्यायाम जास्त झाला.

काहींचे पाय लुळे पडतात, काहींचे लाकडासारखे ताठ होतात, काहींचे दोन्ही. ताठरपणा कमी करायला बॅक्लोफेन देतात. पण कित्येकदा तो ताठ पायच माणसाला उभं धरून ठेवत असतो. गोळीचा डोस वाढला आणि पाय एकदम गळून जाऊ लागले, तर डॉक्टरांना लगेच सांगा. गोळी आपल्या मनानं एकदम बंद मात्र करू नका.

मग येते चाकाची खुर्ची, आणि इथं सगळी घरं अडतात. खुर्ची आली की संपलं, असं वाटतं. आमच्याकडं तर चालणं वाचवायच्या नादात फिरणंच बंद झालं होतं. पडायच्या भीतीनं लग्नं नाहीत, देवदर्शन नाही, शाळेचं स्नेहसंमेलन नाही. खुर्ची आल्यावर हे संध्याकाळचे राजवाड्याच्या चौपाटीवर जायला लागले. जुने विद्यार्थी वाटेत थांबून बोलायचे, आणि हे नेहमीसारखे त्यांच्या अक्षरावरून त्यांना झापायचे. चालता येत असतानाच एक साधी, घडी होणारी खुर्ची घेऊन ठेवा. लांब जायचं असेल तेव्हा ती वापरा आणि पायातली ताकद घरातल्या चार पावलांसाठी राखा. दिवसभर बसायची वेळ येईल तेव्हा उंच पाठीची, डोक्याला आधार असलेली, मागं कलणारी खुर्ची आणि चांगली गादी लागते. ती मापानं मागवावी लागते आणि यायला वेळ लागतो, म्हणून आधीच चौकशी करा.

बसून बसून पाय सुजतात. ते मधूनमधून उंचावर ठेवा. एकच पोटरी सुजली, लाल झाली आणि दुखायला लागली तर थांबू नका. रक्ताची गाठ असू शकते. स्पर्श शाबूत असतो, म्हणजे डास चावलेला कळतो, पण हाकलता येत नाही. रात्री चादरीची एक घडी टोचली तरी झोप लागत नाही. माणूस सारखा हाका मारतो म्हणून चिडू नका.

उचलताना

दंडाला किंवा काखेत धरून ओढून उठवू नका. खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात, सांधा निखळतो. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरायचं, आपले गुडघे वाकवायचे, कंबर सरळ ठेवायची आणि "एक, दोन, तीन" म्हणून दोघांनी एकदम उठायचं. फिजिओथेरपिस्टकडून घरातल्या प्रत्येकानं हे शिकून घ्यावं. माणूस पडलाच तर घाईनं उचलू नका. आधी कुठं लागलंय ते विचारा, डोक्याखाली उशी द्या, शेजाऱ्यांना हाक मारा. सांभाळणाऱ्याची पाठ गेली तर घरात दोन रुग्ण होतात. वजन पेलेनासं झालं की उचलायचं हाताचं यंत्र भाड्यानं मिळतं का बघा.

पायांकडं बघता बघता श्वासाकडं दुर्लक्ष होऊ देऊ नका. श्वासाची ताकद साधारण दर तीन महिन्यांनी मोजून घ्यावी. सकाळी डोकं दुखणं किंवा आडवं झोपवेनासं होणं ही श्वासाला मदत करणाऱ्या बायपॅप यंत्राबद्दल विचारायची वेळ. डॉक्टरांना न विचारता घरी ऑक्सिजन लावू नका, यात तो घातक ठरू शकतो.

पाय चालतात तोवर कागद

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लवकर काढा. अर्ज ऑनलाइन होतो, पण तपासणीला रुग्णालयात जावं लागतं, आणि तिथले जिने तुम्हाला माहीतच आहेत. सरकारी नोकरी असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 20 वाचून ठेवा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही, त्याचा हुद्दा उतरवता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. हे ठाऊक नसल्यानं घाबरून राजीनामा देणारे मी पाहिलेत. सही करणारा हात चालतो आहे तोवर बँकेचं खातं, वारस नोंद आणि इच्छापत्र उरकून घ्या. पुढं कृत्रिम श्वासाचं यंत्र हवं की नको, हेही रुग्णालाच विचारून लिहून ठेवा. मुंबईची आशा एक होप फाउंडेशन खास या आजाराच्या कुटुंबांसाठी काम करते. ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांच्याशी बोलल्यानं बरीच वणवण वाचते.

शेवटी घर

माणूस खुर्चीत बसल्यावर गवंडी बोलावला तर आठवडाभर त्याला सिमेंटच्या धुळीत बसावं लागतं. म्हणून निदानाच्या पहिल्या महिन्यातच घर बघून घ्या. 18 इंची बैठकीची साधी खुर्ची बाहेरून सुमारे 25 इंच असते. आपल्याकडची कित्येक बाथरूमची दारं त्याहून अरुंद. रुंदी वाढवता येत नसेल तर छोट्या चाकांची, कमोड असलेली अरुंद खुर्ची तिथं चालते. उताराचं साधं गणित आहे: पायरी जितके इंच उंच, तितके फूट लांब उतार. 7 इंचाच्या पायरीला 7 फूट. त्याहून खडा उतार केला तर ढकलणाराच घसरतो. खुर्ची वळवायला सुमारे 5 फुटांची मोकळी जागा लागते. कमोड उंच करा, दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के दांडे बसवा, टॉवेलच्या दांडीवर भिस्त ठेवू नका. रात्री दिवा चालू राहू द्या आणि पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवा.

हे सगळं एकदम होणार नाही. पण टेप तर प्रत्येक घरात असते. आज संध्याकाळी बाथरूमचं दार मोजा, पायरी मोजा, ते आकडे लिहून काढा आणि उद्या गवंड्याला फोन करा. कुणी विचारलं, "एवढ्यात कशाला? ते तर अजून चालतायत," तर सांगा, चालतायत म्हणूनच.