सगळी पुंजी एकाच सौहार्दमध्ये?

प्रश्न : तंबाखूचे 12 लाख एका सौहार्द सहकारी संस्थेत मुदत ठेवीत ठेवलेत. व्याज चांगलं मिळतं. धोका आहे का? – एक शेतकरी, निपाणी

उत्तर : आहे, आणि तो ठेवपावतीवर दिसत नाही. बँकेतल्या, अगदी सहकारी बँकेतल्याही ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा आहे. एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून तेवढाच. बँकेचा परवाना नसलेल्या सौहार्द संस्था आणि पतसंस्थांना हे कवच नाही. शिवाय संस्थेचे कर्जदारही तंबाखूवरच जगत असतील, तर भाव पडला की तुमचं पीक आणि ठेव दोन्ही एकदम अडचणीत येतील. वर्षाचा घरखर्च आणि पुढच्या लावणीचा पैसा आत्ताच बँकेत हलवा, थोडं व्याज बुडालं तरी चालेल. उरलेली रक्कम मुदत संपेल तशी, एका बँकेत 5 लाखांच्या आतच ठेवा.