एकाच नांवाचीं दोन हत्यारें

ज्या संगणकावर काम करावयाचें त्याहून भिन्न जातीच्या यंत्रासाठीं आज्ञावली सिद्ध करणारा संकलक, तो क्रॉस-कंपायलर होय. १९८७ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या जीसीसी संकलकाच्या उदाहरणानें त्याच्या हत्यारांची मांडणी आपण पाहूं.

या मांडणींत मुख्य दालनें तीन. पहिलें 'बिन'. येथें प्रत्येक हत्याराच्या नांवाआधीं लक्ष्य-यंत्राचें नांव जोडतात, जसें, 'आर्म-नन-ईएबीआय-जीसीसी'. त्यामुळें घरच्या 'जीसीसी'शीं त्याचा घोटाळा होत नाहीं. दुसरें दालन लक्ष्य-यंत्राच्याच नांवाचें. त्याच्या पोटांतील 'बिन'मध्यें 'एएस', 'एलडी' इत्यादि हत्यारें आंखूड नांवांनीं असतात. तीं संकलकाच्या खासगी उपयोगाचीं. तिसरें 'लिबएक्झेक'. तेथें 'सीसी१' हा खरा भाषांतरकार राहतो. 'जीसीसी' हा केवळ मुकादम. 'सीसी१'कडून भाषांतर, 'एएस'कडून यंत्रसंकेत व 'एलडी'कडून जोडणी तो करवून घेतो.

लांब नांवें लिहिण्याच्या कंटाळ्यानें आम्हीं एकदां दुसरें दालन 'पाथ' या शोधयादींत सर्वांच्या आधीं घातलें. झालें! घरच्या 'जीसीसी'नें 'एएस'ला हांक मारली, ती परक्यानें ऐकली. आणि '--६४' ही खूण आपणांस ठाऊक नाहीं, असें सांगून त्यानें काम नाकारलें. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या आळसाचा होता.

तरी विद्यार्थ्यांनीं शोधयादींत पहिलें दालनच घालावें. उरलेल्या दोहोंची वाट संकलक स्वतः जाणतो. लांब नांव हा भार नव्हे. ती ओळख होय.