रीडिंग आधी, उत्तर मागून

डोंबिवली पूर्व

चि. मनूस,


काल ताईचा कल्याणहून फोन आला. पोलॅरिमीटरच्या प्रॅक्टिकलला तू उत्तर आधी लिहिलंस आणि रीडिंग त्यावरून काढलंस, हे तूच तिला हसत सांगितलंस म्हणे. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

दहा ग्रॅम साखर, शंभर मिली द्रावण, दोन डेसिमीटरची नळी. पुस्तकात स्पेसिफिक रोटेशन ६६.५, म्हणजे कोन १३.३ अंश यायला हवा. तुला आला १२.१. त्याला नळीची लांबी दोन आणि दर मिलीमागे ०.१ ग्रॅम यांच्या गुणाकाराने भागलं की ६०.५. म्हणून तू १२.१ खोडलास! अगं, पाहिलेला आकडा तेवढाच होता. पावसाळ्यात दमट झालेली साखर तोललीस का? नुसतं पाणी भरून शून्य पाहिलंस का? शेजारच्या टेबलावर साखरेच्या इन्व्हर्जनचा प्रयोग चालू असेल आणि तुझ्या फ्लास्कला आम्ल राहिलं असेल, तर कोन पुढेही घसरत गेला असता. सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि फ्रुक्टोज प्रकाशाचं प्रतल जोरात डावीकडे वळवतं. थोड्या वेळाने पुन्हा वाचलं असतंस तर कळलं असतं.

प्रॅक्टिकलच तर आहे, म्हणू नकोस. उद्या एमआयडीसीत क्यूसीला बसशील तेव्हाही हीच नळी आणि हाच सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश असेल. ताईचीच थायरॉईडची गोळी घे, ती लेव्होथायरॉक्सिनची. त्याचं आरशातलं रूप एकेकाळी कोलेस्टेरॉलसाठी देऊन पाहिलं, ते हृदयाला घातक ठरलं. रेणुसूत्र तेच, वजन तेच, कोन मात्र उलटा. तिथे कुणी उत्तर आधी लिहिलं तर?

मला एमएस्सी करायची होती. बीएस्सी होताच नोकरी धरली, पुढे बघू म्हटलं, ते राहूनच गेलं. आकडा का चुकतो हे विचारायला मला सर मिळाले नाहीत. तुला आहेत, आणि तू त्यांच्यापासूनच आकडा लपवलास, हे फार लागलं.

फार बोलले. आमचे अप्पा पारडं पुसल्याशिवाय कधी वजन करत नसत. तुझा हातही तसाच नेटका आहे, मी पाहिलाय. सोमवारी सरांना खरं सांग आणि प्रयोग पुन्हा मागून घे. मार्क गेले तर जाऊ देत, ताईला मी समजावते. रविवारी जर्नल घेऊन जेवायलाच ये, आपण दोघी बसू. आणि ठाण्याहून येताना लोकलच्या दारात उभी राहू नकोस, राणी.

तुझी,
मावशी