मुलाखतीचा शिष्टाचार : काही शंका व त्यांचा शास्त्रार्थ

'मुलाखत' हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला. मूळ शब्द 'मुलाकात', आणि त्याचा अर्थ नुसती भेट. आमच्या भिवंडीत हा शब्द दोन्ही रूपांत रोज कानावर पडतो. उर्दू बोलणारा शेजारी 'मुलाकात हुई' असे म्हणतो, तेव्हा दोन माणसे नाक्यावरच्या हॉटेलात बसून चहा पिऊन आलेली असतात. मराठी बोलणारा शेजारी 'मुलाखत झाली' म्हणतो, तेव्हा एका माणसाने सात माणसांसमोर बसून पुढ्यातला चहा गार होऊ दिलेला असतो. एकाच शब्दाच्या या दोन नशिबांमध्ये जे अंतर आहे, त्यालाच शिष्टाचार असे म्हणतात.

प्रस्तुत लेखात महाविद्यालयातील अध्यापकपदाच्या मुलाखतीस जाणाऱ्या उमेदवारांना पडणाऱ्या शिष्टाचारविषयक शंकांचा विचार करावयाचा आहे. आमचे अनेक ज्येष्ठ मित्र व मैत्रिणी एम. ए. होऊन, नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन, तासिका तत्त्वावर शिकवीत अशा मुलाखती देत असतात. विषयाची तयारी त्यांची चोख असते. परंतु मुलाखतीच्या आदल्या रात्री ते विषयाबद्दल फारसे विचारीत नाहीत. 'दारात बोलायचे काय?', 'चहा घ्यायचा की नाही?' हेच विचारतात. या शंका मी एका वहीत टिपून ठेवल्या आहेत. त्यांतील निवडक शंका येथे सोडवून पाहू.

शंकांचे मूळ

प्रथम एवढे समजून घेतले पाहिजे की या शंका वेडगळ नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८९ साली नेट परीक्षा सुरू केली, ती अध्यापकाची पात्रता एकाच मापाने मोजली जावी म्हणून. पुढे २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकासाठी शंभर गुणांचा एक तक्ता आला. त्यात पीएच. डी. ला २५ गुण, अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २ असे जास्तीत जास्त १० गुण, अशी व्यवस्थित मांडणी आहे. मात्र त्याच नियमावलीत पुढे म्हटले आहे की हे गुण केवळ मुलाखतीस कोणाला बोलवावे हे ठरविण्यापुरते; निवड व्हावी ती मुलाखतीतील कामगिरीवरच.

म्हणजे बी. ए. पासून पीएच. डी. पर्यंत जमविलेली सगळी पुंजी दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायची, आणि आत जाऊन पंधरा-वीस मिनिटांत नव्याने कमवायची. आत कोण असते? संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी व बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ, असे सात जण, प्रसंगी आठवेही. सात जणांपुढे पंधरा मिनिटे म्हणजे माणशी दोन मिनिटे. एवढ्या वेळात ज्ञान दिसणे कठीण. बसणे, उठणे, हसणे मात्र दिसते. तेव्हा उमेदवार त्याचीच काळजी करू लागला, तर तो मूर्ख नव्हे, हिशेबी आहे.

अमेरिकेतील विद्यापीठांत अशा उमेदवाराला एक-दोन दिवस ठेवून घेतात. त्याचे व्याख्यान ऐकतात, त्याच्याबरोबर जेवतात. तेथल्या उमेदवाराची चिंता सूप कसे प्यावे ही असते. आपल्याकडे जेवणाची चिंता नाही. सगळा धोका एका कपात मावतो. असो.

शंका पहिली : दार

शिपाई नाव पुकारतो. उमेदवार दाराशी येतो. आता 'मे आय कम इन, सर?' म्हणायचे की 'आत येऊ का?' मराठी विषयाच्या मुलाखतीला जाताना इंग्रजीत परवानगी मागणे विचित्र दिसेल का? आणि मुळात नाव पुकारल्यावर पुन्हा परवानगी कसली? 'नाही, येऊ नका' असे कोणी म्हणाले तर?

यापुढचा पोटप्रश्न नमस्काराचा. हातात प्रमाणपत्रांची फाईल असते. नमस्कारास दोन्ही हात लागतात. फाईल बगलेत धरली तर ती घसरते. खाली ठेवली तर सरस्वतीचा अपमान. शिवाय माणसे सात, नमस्कार किती? सात स्वतंत्र केले तर एक मिनिट गेले. एकच केला तर तो कोणाला पोचला, हे कळायला मार्ग नाही.

निर्णय : दाराशी क्षणभर थांबावे, ज्या भाषेत मुलाखत आहे त्या भाषेत दोन शब्द बोलावेत, फाईल डाव्या बगलेत घट्ट धरावी, आणि अध्यक्षांपासून आरंभ करून सर्वांवरून नजर फिरेल असा एकच नमस्कार करावा. सभेत वक्ते हेच करतात आणि त्यांच्यावर कोणी रागावत नाही.

शंका दुसरी : सर्वनाम

ही शंका सर्वांत शास्त्रीय आहे. रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० साली सर्वनामांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. युरोपीय भाषांतील 'तू' आणि 'तुम्ही' यांच्यामागे दोन तत्त्वे असतात, असे त्यांनी दाखविले : एक सत्तेचे, दुसरे जवळिकीचे. मराठी माणसास हे पटायला वेळ लागत नाही. आपण देवाला व आईला 'तू' म्हणतो, आणि ज्याला कमी लेखायचे त्यालाही 'तू'च म्हणतो.

मुलाखतीत एखादे वयस्क सदस्य विचारतात, 'तू मूळचा कुठला रे?' उमेदवार रात्रभर विचार करतो की ही माया होती की तुच्छता? याची कसोटी सोपी आहे. तो 'तू' परत करता येईल का? आईला येतो, मित्राला येतो. जेथे परत करता येत नाही, तेथे ते सत्तेचे सर्वनाम समजावे, मग आवाज कितीही गोड असो.

याहून अवघड आपले 'आपण'. हे सर्वनाम आदरार्थी 'तुम्ही'चेही काम करते आणि 'मी व तुम्ही मिळून' याचेही. उमेदवार नम्रपणे म्हणतो, 'आपण संधी दिलीत तर आपण विभागात वाचक मंडळ सुरू करू.' पहिले 'आपण' समितीचे, दुसरे सर्वांचे. कुलगुरूंच्या प्रतिनिधींना वाटते, या मंडळात आपल्यालाही ओढले की काय! त्याऐवजी 'आम्ही सुरू करू' म्हणावे, तर त्याच्यामागे एखादा गट उभा असल्यासारखे वाटते. 'मी सुरू करीन' म्हणावे, तर अहंकार. निर्णय : 'मी' म्हणावे. काम करणारा एकच असतो, हे समितीतील प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते.

शंका तिसरी : चहा

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भेटवस्तूच्या व्यवहारात तीन बंधने सांगितली : देणे, घेणे आणि परत करणे. समितीपुढे चहा येतो, कोणी तरी म्हणते, 'यांनाही द्या.' देणे झाले. घेणे नाकारले तर यजमानांचा अवमान. घेतले तर बशीत कप वाजतो, आणि नेमका पहिला घोट तोंडात असताना विषयतज्ज्ञ लोकहितवादींबद्दल विचारतात. परत करण्याचा प्रश्न तर सोडवताच येत नाही, कारण समितीला चहा पाजणारा उमेदवार लगेच संशयास्पद ठरतो.

त्यात मराठी घरची रीत अशी की पहिल्यांदा 'नको' म्हणायचे व दुसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचे. मुलाखतीत दुसऱ्यांदा आग्रह होत नाही. निर्णय : घ्यावासा वाटला तर 'हो' म्हणावे, नसेल तर 'नको, आभारी आहे' म्हणावे. कप हातात असताना प्रश्न आला तर कप खाली ठेवावा. तेवढे दोन क्षण विचार करायलाही मिळतात.

शंका चौथी : 'आपल्याला काही विचारायचे आहे का?'

या प्रश्नाला 'नाही, सर' हेच सभ्य उत्तर, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. जागा अनुदानित आहे की विनाअनुदानित, कायम आहे की वर्षापुरती, आठवड्याला तास किती, हे विचारण्यात असभ्य काही नाही. शेतमजूरसुद्धा कामाला जाण्यापूर्वी मजुरी विचारतो. पोटाचा प्रश्न विचारणे असभ्य, हा नियम पोट भरलेल्यांनी केलेला असावा.

एका मैत्रिणीने वहीत भर घातली, 'लग्नानंतर नोकरी करणार का, असे विचारले तर हसून उत्तर द्यावे की गंभीरपणे?' ही शंका मी वहीतून काढून टाकली. हा प्रश्न ज्याने विचारला, शिष्टाचाराचा धडा त्याला हवा, तिला नव्हे.

शिष्टाचार कोणाचा?

आता विनोद बाजूला ठेवून मुख्य मुद्द्याकडे येतो. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने शेटलंड बेटांवर राहून माणसांच्या रोजच्या वागण्याचे निरीक्षण केले आणि १९५६ साली पुस्तकरूपाने मांडले की माणूस चारचौघांत एक प्रकारे रंगमंचावरच असतो. हे खरे असेल, तर प्रश्न असा की नाटकाची संहिता कोणाच्या घरी आधीपासून होती?

ज्याच्या घरी प्राध्यापक मंडळींची ऊठबस होती, त्याला या शंका पडत नाहीत. भिवंडीत पहिल्या पिढीत शिकलेल्यांची मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. गावात १९६६ साली बी. एन. एन. महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्यांच्या, भातशेती करणाऱ्या आगरी कुटुंबांतल्या मुलांना पदवी घराजवळ आली. पण त्या पदवीबरोबर वरील अलिखित नियमांचे पुस्तक कोणी दिले नाही.

या मुलांना शिष्टाचार येत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. ज्या गल्लीत मराठी, उर्दू, तेलुगू व आगरी एकाच नळावर बोलल्या जातात, तेथे कोणाला नमस्कार, कोणाला सलाम, कोणाला चाचा, कोणाला अण्णा, कोणाला दादूस म्हणायचे, हे दहा वर्षांचे पोरही जाणते. इतका बारीक शिष्टाचार फार थोड्या दिवाणखान्यांत शिकायला मिळत असेल. तरीही हाच मुलगा समितीपुढे बसला की स्वतःला अडाणी समजतो. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे त्याचा आवाज मोठा असतो. मुलाखतीच्या खोलीत तो उद्धट ठरतो. शंभर मुलांच्या वर्गात, पंखे घरघरत असताना, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तोच एक आवाज असतो.

माझे म्हणणे एवढेच की आपण नेमके मोजायचे ते सोडून भलतेच मोजतो. शिक्षकाची परीक्षा वर्गात व्हावी. मुलाखतीच्या टप्प्यावर वर्गातील अध्यापनातून किंवा व्याख्यानातून उमेदवाराची क्षमता पाहता येते. अनुदान आयोगाच्या नियमांत ती सोय पूर्वीपासून आहे. पंधरा मिनिटांतील दहा मिनिटे उमेदवाराच्या हाती खडू दिला आणि समोर प्रथम वर्षाची वीस मुले बसविली, तर चहाचा प्रश्न आपोआप मागे पडेल. शिवाय मुलाखतीच्या पत्रातच चार ओळी लिहाव्यात : मुलाखत कोणत्या भाषेत होईल, किती वेळ चालेल, काय आणावे, जागेचे स्वरूप काय. ज्याला नियम माहीत नाहीत त्याला ते आधी सांगणे, हा यजमानाचा पहिला शिष्टाचार होय.

ते होईपर्यंत उमेदवारांनी वरील निर्णय वापरून पाहावेत. वहीत एक शंका अजून शिल्लक आहे : उठल्यावर खुर्ची तशीच ठेवावी की आत सरकवावी? समितीतील कोणी या गोष्टीला गुण देत नाही, तरीही ती हलकेच नीट लावून ठेवावी. बाहेर बाकावर आपल्यासारखाच कोणी तरी फाईल सांभाळीत बसलेला आहे, आणि आता त्याचे नाव पुकारले जाणार आहे.