लेआने ठेवलेली चार नावे

स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात, तो बाळाच्या नावाचा. आपण नाव सांगतो, ते नोंदवहीत चढते. त्याचा अर्थ काय, हे बहुधा मूल मोठे होऊन विचारते तेव्हाच आपण शोधू लागतो. हिब्रू लोकांत अर्थ आधी येत असे. त्यांची पुष्कळशी नावे ही छोटी वाक्येच आहेत.

'एल' म्हणजे देव. नावात येणारे 'या' किंवा 'यो' हे परमेश्वराच्या पवित्र नावाचे आखूड रूप. एवढे ध्यानात ठेवले की अनेक नावे आपली आपण उलगडतात. दानिएल : देव माझा न्यायाधीश. रफाएल : देवाने बरे केले. योहान : परमेश्वराने कृपा केली. मिखाएल हा तर सरळ प्रश्नच आहे : देवासारखा कोण? एलिया ह्या नावात दोन्ही तुकडे आहेत : परमेश्वर हाच माझा देव. कर्मेल डोंगरावर बआलच्या ४५० संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला, तेव्हा त्याचे नाव हीच त्याची साक्ष होती.

पण आज आपण ज्या नावांकडे जरा थांबून पाहणार आहोत, त्यांतल्या बहुतेकांत देवाचे नाव उघडपणे दिसत नाही. ती लेआच्या मुलांची नावे आहेत (उत्पत्ती २९).

याकोबाने राहेलसाठी सात वर्षे चाकरी केली. लग्नाच्या रात्री लाबानाने थोरली मुलगी लेआ त्याच्याकडे पाठवली. मग राहेलही मिळाली, तिच्यासाठी आणखी सात वर्षांची चाकरी. घरात दोन बहिणी, एक आवडती आणि एक नावडती. लेआला ह्यात कोणी विचारलेच नव्हते, हे आपण वाचताना सहज विसरतो.

तिला पहिला मुलगा झाला. रऊबेन, म्हणजे 'पाहा, मुलगा!' परमेश्वराने माझे दुःख पाहिले, आता नवरा माझ्यावर प्रेम करील, असे ती म्हणाली. दुसरा शिमोन. हिब्रूत 'शामा' म्हणजे ऐकणे. मी नावडती आहे हे परमेश्वराने ऐकले. तिसरा लेवी. हे नाव ती जडण्याशी, जोडले जाण्याशी जुळवते. आता तरी नवरा माझ्याशी जडून राहील. तीन मुले झाली तरी तिची मागणी तीच. चौथ्या वेळी मात्र नवऱ्याचा उल्लेखच नाही. आता मी परमेश्वराची स्तुती करीन, असे म्हणून तिने मुलाचे नाव ठेवले यहूदा.

तिचे दुःख तिथे संपले असे मात्र नाही. पुढे सहावा मुलगा जबुलून झाला, तेव्हाही नवरा आता माझ्याजवळ राहील, अशीच आशा तिच्या तोंडी आहे. पवित्र शास्त्र हे झाकून ठेवत नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे सर्व अर्थ शब्दकोशातले नाहीत. पुष्कळदा शास्त्रलेखक नावाच्या नादावरून, उच्चाराच्या साम्यावरून अर्थ लावतो. मोशेचे नाव निर्गम ग्रंथात 'पाण्यातून काढलेला' असे समजावले आहे. अभ्यासक मात्र त्यात 'मुलगा' ह्या अर्थाचा इजिप्शियन शब्द पाहतात. ह्यात गोंधळून जाण्यासारखे काही नाही. नाव ठेवताना आईच्या मनात काय होते, हे लेखकाला सांगायचे आहे.

लेवीच्या वंशात मोशे जन्मला, यहूदाच्या वंशात दावीद आणि पुढे प्रभू येशू. दोघेही नावडतीचे मुलगे. 'यहूदी' हा शब्दही ह्याच चौथ्या मुलाच्या नावावरून आला. ज्या संत ज्यूडकडे आपल्यातले अनेकजण अडल्या कामासाठी धाव घेतात, त्यांचे नावही हेच. आणि प्रभूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योतचेही हेच. एकच नाव धारण केलेले दोघे बारा प्रेषितांत होते.

राहेलची गोष्ट उलटी. पहिल्या मुलाचे नाव तिने योसेफ ठेवले : परमेश्वर मला आणखी एक देवो. आपल्याकडचा जोसेफ आणि गोव्यातला जुजे तो हाच. मागितलेला दुसरा मुलगा मिळाला, पण बेथलेहेमच्या वाटेवर त्याला जन्म देताना ती मरण पावली. प्राण जाताना तिने त्याला बेनओनी म्हटले, 'माझ्या दुःखाचा मुलगा' (उत्पत्ती ३५). याकोबाने ते नाव राहू दिले नाही. जन्मभर त्या मुलाला आईच्या मरणाच्या नावाने हाक ऐकावी लागली असती. बापाने त्याला बन्यामीन म्हटले, 'उजव्या हाताचा मुलगा'.

नाव संताचेच हवे का, असे तरुण आईबाप हल्ली विचारतात. १९१७ च्या कॅनन संहितेने ख्रिस्ती नावाचा आग्रह धरला होता. ते शक्य नसेल तर धर्मगुरूंनी संताचे नाव जोडून दोन्ही नोंदवावीत, असे सांगितले होते. १९८३ च्या संहितेतील ८५५ वे कलम एवढेच म्हणते की ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव दिले जाऊ नये, ह्याची काळजी आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरूंनी घ्यावी. म्हणजे आनंद, करुणा, संतोष ही नावेही चालतात. आणि घरात एखादे दुःख ताजे असताना बाळ जन्मले असेल, तर नाव ठरवण्याआधी याकोब आणि राहेल ह्यांचा तो पस्तिसावा अध्याय दोघांनी मिळून वाचावा.